तिरळा डोळा आणि वाट न पाहणारा मेंदू

मुलांचा तिरळेपणा हल्ली बऱ्याचदा आधी मोबाइलमध्ये सापडतो. पहिल्या वाढदिवसाचे फोटो बघताना आजी विचारते, "याचा डावा डोळा नाकाकडे गेल्यासारखा वाटतोय का गं?" आणि घरात दोन तट पडतात. कुणी म्हणतं, फोटोच तसा आलाय. कुणाला आठवतं की परवा खिडकीतून बाहेर बघताना तसंच काहीसं दिसलं होतं. शेवटी "लहान आहे अजून, होईल सरळ" यावर तह होतो. हा तह महागात पडतो. तिरळेपणात खरं नुकसान मेंदूत होतं, आणि मेंदू मुलाच्या मोठं होण्याची वाट पाहत नाही.

तो फोटो आधी नीट बघू. फ्लॅश मारून काढलेला आणि मूल थेट कॅमेऱ्याकडे बघतंय असा हवा. मोठा केला की प्रत्येक डोळ्यात प्रकाशाचा एक बारीक ठिपका दिसतो. दोन्ही ठिपके बाहुलीत सारख्याच जागी असतील, तर त्या क्षणी तरी डोळे सरळ आहेत. एका डोळ्यात ठिपका मध्यावर आणि दुसऱ्यात कानाच्या बाजूला सरकलेला असेल, तर तो दुसरा डोळा आत वळलेला आहे. ठिपका नाकाच्या बाजूला सरकला असेल, तर डोळा बाहेर गेलेला आहे. बर्लिनचे डॉक्टर युलियस हिर्शबर्ग एकोणिसाव्या शतकात हीच तपासणी मेणबत्तीच्या ज्योतीवर करत. आज डॉक्टर छोटी बॅटरी वापरतात, हिशोब मात्र तोच आहे: ठिपका एक मिलिमीटर सरकला की डोळा साधारण ७ अंशांनी वळलेला.

पुष्कळ बाळांच्या बाबतीत हे ठिपके अगदी जागच्या जागी निघतात, तरीही डोळे तिरळे वाटतात. बाळाच्या नाकाचा वरचा भाग बसका आणि रुंद असतो, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी आलेली असते. त्यामुळे नाकाकडचा पांढरा भाग झाकला जातो आणि डोळा आत गेल्याचा भास होतो. नाक वर आलं की भासही जातो. "आमच्या धाकट्याचाही होता, आपोआप गेला" असं सांगणाऱ्या बहुतेक घरांत मुळात तिरळेपणा नव्हताच, हा भास होता. खरा तिरळेपणा सहसा आपोआप जात नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची नजर मधूनच भरकटली तर घाबरायचं कारण नाही, कारण दोन डोळे एकत्र चालवायला ते तेव्हा शिकत असतं. पण चार महिन्यांनंतरही डोळा वळत असेल, किंवा कुठल्याही वयात तो सतत वळलेलाच राहत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

फोटोत आणखी एक गोष्ट बघायची आणि ती सगळ्यात महत्त्वाची. फ्लॅशमुळे बाहुलीत तांबडी चमक येते हे सगळ्यांना माहीत आहे. एका बाहुलीत तांबडी आणि दुसरीत पांढरी किंवा पिवळसर चमक पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. कधी तो नुसता प्रकाशाच्या कोनाचा खेळ असतो, कधी जन्मजात मोतीबिंदू असतो आणि क्वचित रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोग असतो. या कर्करोगाची पहिली खूण बहुधा पांढरी चमक असते आणि त्याखालोखाल तिरळेपणा. म्हणून तिरळ्या मुलाची तपासणी डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत झाल्याशिवाय पूर्ण होत नाही. डॉक्टर औषध टाकून बाहुली मोठी करतात, ते याही कारणासाठी.

आता डोळा वळतो कशाने ते पाहू. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू असतात: चार सरळ, दोन तिरके. त्यांना मेंदूतून निघणाऱ्या तीन नसा चालवतात. उजवीकडे बघायचं असेल तेव्हा उजव्या डोळ्याचा कानाकडचा आणि डाव्या डोळ्याचा नाकाकडचा स्नायू एकाच क्षणी, सारख्याच जोराने ओढतात, एका जुवाला जुंपलेल्या बैलजोडीसारखे. दोघांना हुकूम एकच जातो, हे एवाल्ड हेरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये मांडलं. पालकांना वाटतं की वळलेल्या डोळ्याचा स्नायू कमजोर झाला असेल, आणि मग बदाम, गाजर, टॉनिक सुरू होतं. बहुसंख्य मुलांमध्ये स्नायू चांगले दणकट असतात. चुकतो तो दोघांना एकत्र ठेवणारा ताबा, किंवा नजर जवळच्या वस्तूवर जुळवण्याचा हिशोब. पाळण्यावर चिमणाळं फार जवळ टांगल्याने, बाळाला एकाच कुशीवर निजवल्याने किंवा कुणाच्या नजरेने डोळा तिरळा होत नाही. आईने गरोदरपणी काय खाल्लं याची उलटतपासणी तर कुणी घेऊच नये. आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी तिरळेपणा असणं, दिवस पुरे व्हायच्या आधी जन्म, कमी वजन, डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी आणि चष्म्याचा मोठा प्लस नंबर, ही खरी जोखमीची कारणं. शंभर मुलांत दोन ते चार मुलांना कुठल्या ना कुठल्या प्रकारचा तिरळेपणा असतो. म्हणजे शाळेच्या जवळपास प्रत्येक वर्गात एखादं मूल.

मोठ्या माणसाचा डोळा अचानक वळला तर त्याला एकाच्या दोन वस्तू दिसायला लागतात. जिना उतरता येत नाही, चहा ओतता येत नाही, तो लगेच दवाखाना गाठतो. तीन वर्षांचं मूल मात्र खेळत राहतं. त्याच्या मेंदूनेही दोन वेगळी चित्रं पाहिलेली असतात, पण कोवळा मेंदू त्यावर आपला तोडगा काढतो: वळलेल्या डोळ्याकडून येणारं चित्र बाजूला सारतो. मुलाचा त्रास संपतो, म्हणून ते तक्रार करत नाही. आणि तक्रार नाही म्हणून घरचे निर्धास्त होतात. महिने जातात तसा तो बाजूला सारलेला डोळा बघायला विसरत जातो. डोळा आतून पूर्ण निरोगी, चष्मा अचूक, तरीही तक्त्यावरची वरची मोठी अक्षरंच कशीबशी वाचता येतात. याला मंददृष्टी म्हणतात. बोलीत 'आळशी डोळा' म्हणतात, पण आळस कुणाचाच नसतो, डोळ्याचा नाही आणि मुलाचा तर नाहीच.

मेंदूत हे नेमकं कुठे घडतं ते डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात हार्वर्डमध्ये दाखवलं. त्यांनी मांजरीच्या पिल्लांच्या एका डोळ्याची पापणी काही आठवडे शिवून ठेवली आणि नंतर उघडली. डोळा ठणठणीत होता. पण डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे दृष्टीचा अर्थ लावला जातो, त्या भागातल्या जवळजवळ सगळ्या पेशी आता फक्त उघड्या राहिलेल्या डोळ्याला उत्तर देत होत्या. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर असं काही झालं नाही. म्हणजे ठरावीक कोवळ्या वयातच हे घडतं. पुढचा निष्कर्ष आणखी चकित करणारा होता. दोन्ही डोळे शिवले तर एक डोळा शिवल्याइतकं एकतर्फी नुकसान होत नव्हतं. दोन डोळे मेंदूतल्या जागेसाठी एकमेकांशी चढाओढ करतात आणि एकाला खेळायलाच मिळालं नाही की दुसरा त्याची जागा बळकावतो. १९६५ मध्ये त्यांनी पिल्लांचा एक स्नायू कापून मुद्दाम तिरळेपणा आणला. तेव्हा पेशींची सरळ वाटणी झाली, काही उजव्या डोळ्याच्या, काही डाव्याच्या. दोन्ही डोळ्यांना मिळून उत्तर देणाऱ्या पेशी फारच थोड्या उरल्या. वस्तू किती जवळ, किती लांब हे बारकाईने सांगणारी खोलीची जाणीव अशा एकत्र काम करणाऱ्या पेशींवर उभी असते. या कामासाठी दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं. मंददृष्टीच्या उपचारात मुलाच्या डोळ्यावर पट्टी का लावायची, लवकर का लावायची आणि चांगल्याच डोळ्यावर का लावायची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या पिल्लांच्या मेंदूत आहेत.

सगळा तिरळेपणा एका जातीचा नसतो. पहिल्या सहा महिन्यांत सुरू होणाऱ्या प्रकारात डोळे बऱ्यापैकी मोठ्या कोनात नाकाकडे वळलेले असतात. असं बाळ डावीकडचं खेळणं उजव्या डोळ्याने बघतं आणि उजवीकडचं डाव्याने. हे बाळ बहुधा शस्त्रक्रियेनेच सुधारतं आणि शक्यतो दोन वर्षांच्या आत डोळे सरळ रेषेत आणण्याचा प्रयत्न असतो, कारण खोलीची जाणीव तिसऱ्या ते पाचव्या महिन्यापासूनच रुजायला लागलेली असते. दुसरा, आपल्याकडे बराच दिसणारा प्रकार म्हणजे मधूनच बाहेर जाणारा डोळा. दमल्यावर, तापात, झोप आल्यावर किंवा लांब बघताना डोळा कानाकडे सुटतो आणि हाक मारली की परत जागेवर येतो. अशी मुलं भर उन्हात अंगणात आली की एक डोळा मिटून घेतात. दवाखान्यात मूल सावध असतं, तिथे डोळा नेमका सरळ राहतो आणि आईचं म्हणणं खोटं पडल्यासारखं होतं. संध्याकाळी मूल पेंगुळलेलं असताना मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ घेऊन ठेवा, डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.

काही मुलं मान एका खांद्याकडे कलवून बसतात. महिनोन्महिने मानेचे व्यायाम चालतात, एक्स-रे निघतात. दोष असतो डोळ्याच्या वरच्या तिरक्या स्नायूच्या नसेत. मान कलवली की दोन्ही चित्रं जुळतात, म्हणून मूल ती तशी ठेवतं. बसल्या बसल्या एक डोळा झाकल्यावर मान सरळ होत असेल, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि आजवर सरळ असलेला डोळा एकदम वळला, मूल दोन-दोन दिसतंय म्हणालं, जोडीला डोकेदुखी आणि सकाळच्या उलट्या असल्या, तर मेंदूवरचा दाब वाढलेला असू शकतो. तिथे एक दिवसही घालवू नये.

ज्या प्रकारात निव्वळ चष्म्याने डोळा सरळ होतो, त्याच्याविषयी जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण गैरसमज सगळ्यात जास्त इथेच आहेत. मूल दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत डोळे सरळ असतात. मग चित्रांची पुस्तकं, मणी, मोबाइल असं जवळचं बघणं वाढतं आणि एक डोळा आत वळायला लागतो. याच सुमारास ताप किंवा गोवर येऊन गेला असेल तर दोष त्याच्यावर जातो. खरं कारण असतं प्लस नंबर, चार किंवा पाचचासुद्धा. अशा मुलाला स्वच्छ दिसण्यासाठी डोळ्यातलं भिंग सतत ताणून ठेवावं लागतं. आपल्या शरीरात भिंग ताणणं आणि डोळे नाकाकडे आणणं या दोन क्रिया एकमेकींना जोडलेल्या आहेत, कारण जवळचं बघताना दोन्ही लागतात. ताण जास्त झाला की डोळे गरजेपेक्षा जास्त आत येतात आणि एक वळून बसतो. हा संबंध नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचे डॉक्टर फ्रान्स डॉन्डर्स यांनी १८६४ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला. चष्म्याने तो ताण स्वतःवर घेतला की डोळा जागेवर येतो, कधी काही आठवड्यांत, कधी चार-सहा महिन्यांत.

घरात गडबड होते ती चष्मा काढल्यावर. आंघोळीच्या वेळी चष्मा काढला की डोळा पूर्वीइतकाच, किंबहुना जास्तच वळलेला दिसतो. "चष्म्याने उलट वाढलं" असं म्हणत कुणीतरी चष्मा कपाटात टाकतं. मुळात आधी तो डोळा दिवसभर वळलेलाच होता, म्हणून सवयीने नजरेत भरत नव्हता. आता दिवसभर सरळ बघितल्यावर वळलेला डोळा डोळ्यांत भरतो. चष्मा काढल्यावर डोळा वळणं हा चष्मा बरोबर काम करतोय याचाच पुरावा आहे. असा चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत लावायचा असतो, फक्त अभ्यासाला नाही.

या मुलांचा नंबर औषध टाकल्याशिवाय काढता येत नाही. मूल नकळत भिंग ताणतं आणि पाचचा नंबर यंत्रावर दोनचा दिसू शकतो. म्हणून लहान मुलांना बऱ्याचदा घरी तीन दिवस अॅट्रोपिनचं मलम डोळ्यात घालायला सांगतात. हे मलम तांदळाच्या दाण्याएवढं पुरतं. खालची पापणी ओढून आत लावायचं, बाहेर आलेलं पुसायचं, आपले हात धुवायचे आणि ट्यूब मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवायची. चेहरा लालबुंद झाला, तोंड कोरडं पडलं किंवा अंग तापलं, तर मलम थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. चौथ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत डॉक्टर हातातल्या यंत्रातून प्रकाशाची एक उभी रेघ मुलाच्या बाहुलीवरून डावी-उजवी फिरवतात. आतून परतणारी तांबूस चमक रेघेबरोबर सरकते की उलट, ते बघतात, एकेक भिंग समोर धरत जातात आणि चमक सरकायची थांबली की नंबर मिळाला. मुलाने एक अक्षरही वाचावं लागत नाही. सहा महिन्यांच्या तान्ह्याचा नंबर काढता येतो तो असा. अॅट्रोपिनमुळे मोठी झालेली बाहुली दहा-पंधरा दिवस तशीच राहू शकते. तेवढे दिवस उन्हात टोपी घालायची आणि बालवाडीत बाईंना सांगून ठेवायचं.

चष्म्यानंतर पट्टी. कल्पना जुनी आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफों यांनी १७४३ मध्येच लिहिलं होतं की तिरळ्या माणसाचे दोन डोळे सारख्या ताकदीचे नसतात आणि चांगला डोळा झाकून ठेवला तर दुसरा सुधारतो. ह्यूबेल-वीझेल यांच्या दोनशे वर्षं आधीचं हे निरीक्षण आहे. पट्टीविषयी पालकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: पट्टीने डोळा सरळ होत नाही. पट्टी दृष्टीसाठी असते. वळलेल्या डोळ्याला मेंदूतली जागा परत मिळवून देणं, एवढंच तिचं काम. हे माहीत नसलं की दोन महिन्यांनी "पट्टी लावूनही डोळा तसाच आहे" म्हणून ती बंद होते, नेमकी नजर सुधारत असताना.

आणि पट्टीचं काम दवाखान्यात होत नाही, घरात होतं. चार वर्षांच्या मुलाचा चांगला डोळा झाकला की त्याचं जग धूसर होतं. ते रडतं, पट्टी ओरबाडतं, चष्म्याच्या काचेवर चिकटवली तर कडेने बघतं. म्हणून पट्टी कातडीलाच चिकटणारी हवी आणि चष्मा तिच्यावरून. सुरुवातीला तिला आवडीच्या कामाशी बांधून टाकायचं: रंग भरणं, मणी ओवणं, आजीबरोबर तांदूळ निवडणं, गोष्टीच्या चित्रात लपलेली मांजर शोधणं. कष्टाच्या बारीक कामात त्या डोळ्याचा सराव होतो. नुसतं टीव्हीसमोर बसवलं तर पट्टी टिकते हे खरं, पण घरच्या कुणी अर्धा तास समोर बसून खेळणं जास्त मोलाचं असं मला वाटतं, कारण मुलाला ही शिक्षा वाटत नाही.

पूर्वी दिवसभर पट्टी बांधून ठेवत. अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या एका गटाने गेल्या पंचवीस वर्षांत हे सगळं पद्धतशीर तपासलं आणि बराच जाच कमी केला. मध्यम स्वरूपाच्या मंददृष्टीत रोज दोन तासांची पट्टी आणि सहा तासांची पट्टी यांनी सारखाच फायदा होतो, हे २००३ मध्ये दिसलं. त्याआधी २००२ मध्ये असं दिसलं होतं की पट्टी अजिबात ठेवू न देणाऱ्या मुलाच्या चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचा थेंब टाकून तो डोळा धूसर ठेवला, तरी सहा महिन्यांनी परिणाम जवळपास तेवढाच मिळतो. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असल्यामुळे मंददृष्टी आलेल्या साधारण चारातल्या एका मुलाला तर नुसत्या चष्म्यानेच पूर्ण गुण येतो. हे वाचून कुणी आपल्या मनाने तास ठरवू नयेत. जास्त झाकल्याने चांगला डोळाच मागे पडू शकतो, म्हणून दर काही आठवड्यांनी दोन्ही डोळ्यांची नजर तपासावी लागते.

वय उलटून गेलं असं ऐकून परत आलेल्या पालकांसाठीही या संशोधनात उत्तर आहे. सात ते बारा वर्षांच्या मुलांना चष्म्याबरोबर पट्टी आणि अॅट्रोपिन दिल्यावर ५३ टक्के मुलांची नजर लक्षणीय सुधारली. फक्त चष्मा दिलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होतं. सातव्या वर्षानंतर दार बंद होतं हा जुना समज म्हणजे अर्धंच सत्य. ते हळूहळू लोटलं जातं, आणि जितकं उशिरा जाल तितका जोर जास्त लावावा लागतो.

चष्मा लावून, नजर सुधारूनही डोळा वळलेलाच राहिला तर शस्त्रक्रिया. तिचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. अठराव्या शतकात जॉन टेलर नावाचा एक इंग्रज वैदू युरोपभर बग्गीतून फिरत असे. तिरळ्या माणसाच्या डोळ्याच्या आवरणाला तो एक बारीक छेद देई आणि दुसरा, चांगला डोळा बांधून टाकी. चांगला डोळा बांधला की वळलेला डोळा बघण्यासाठी सरळ होतोच. लोक टाळ्या वाजवत, पैसे देत, आणि पट्टी सुटायच्या आत टेलर गाव सोडून गेलेला असे. थोर संगीतकार बाख यांच्या डोळ्यांवर १७५० मध्ये शस्त्रक्रिया करणारा तो हाच, आणि बाख यांची दृष्टी गेली. खरी शस्त्रक्रिया २६ ऑक्टोबर १८३९ रोजी बर्लिनमध्ये योहान डिफेनबाख यांनी केली, एका सात वर्षांच्या मुलावर. नाकाकडचा स्नायू त्यांनी कापला आणि डोळा सरळ झाला. भुलीचं औषध यायला अजून सात वर्षं होती, त्या मुलाने ते कसं सोसलं असेल याचा विचार मनातून जात नाही. पुढे युरोपात या शस्त्रक्रियेची लाटच आली. नुसता कापून सोडलेला स्नायू हवा तिथे चिकटत नाही, त्यामुळे अनेकांचे डोळे काही काळाने उलट बाहेर गेले आणि शस्त्रक्रिया बदनाम झाली.

आज स्नायू मोजून हलवतात. पूर्ण भूल दिलेली असते. डोळा खोबणीतून बाहेर काढून टेबलावर ठेवतात ही भीती अनेकांच्या मनात असते, पण तसं काहीही करत नाहीत. डोळा जागेवरच असतो आणि आतल्या भागाला हातही लागत नाही. पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण थोडं उघडून स्नायूखाली एक बोथट आकडा सरकवतात. नाकाकडचा स्नायू बुबुळाच्या कडेपासून साडेपाच मिलिमीटरवर चिकटलेला असतो. त्याला विरघळणारा धागा बांधतात, तो मुळातून सोडवतात आणि कंपासने मोजून, कोनाप्रमाणे समजा पाच मिलिमीटर, मागे शिवतात. त्याची ओढ तेवढी सैल होते. काही वेळा समोरच्या बाजूचा स्नायू आखूड करून घट्ट करतात. जिथे सुई घालायची ती डोळ्याची भिंत त्या ठिकाणी जेमतेम ०.३ मिलिमीटर जाड असते आणि सुई तिच्या आरपार न जाता जाडीतूनच न्यायची असते. स्नायू आकड्याने ओढला की कधी कधी हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. मॉनिटरचा आवाज संथ झाला की शल्यविशारद हात सैल सोडतो, भूलतज्ज्ञ गरज पडली तर शिरेतून औषध देतो. तेही अॅट्रोपिनच. मुलाच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेला लहान मुलांची सवय असलेला भूलतज्ज्ञ का हवा, त्याचं हे एक कारण.

मूल बहुतेकदा त्याच दिवशी घरी जातं. डोळा दोन-तीन आठवडे लाल दिसतो. काही मुलांना पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागते, याचा अर्थ पहिली चुकली असा नव्हे. स्नायू मिलिमीटरमध्ये हलवता येतो, मेंदूचा ताबा मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही. काही ठिकाणी सुरीऐवजी बोटुलिनम विषाचं सूक्ष्म इंजेक्शन देऊन स्नायू काही महिन्यांपुरता सैल करतात. सुरकुत्या घालवणारं म्हणून गाजलेलं हे औषध मुळात सॅन फ्रान्सिस्कोच्या अॅलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञाने तिरळेपणासाठीच पुढे आणलं आणि अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला पहिली परवानगी मिळाली, तेव्हा तिरळेपणा हा तिच्यातला एक आजार होता. डोळ्यांच्या व्यायामांनी सगळा तिरळेपणा जातो अशा जाहिरातींवर मात्र विश्वास ठेवू नये. जवळचं बघताना डोळे पुरेसे एकत्र येत नाहीत, त्या दोषात व्यायाम चांगले लागू पडतात. प्लस नंबरच्या किंवा मोठ्या कोनाच्या तिरळेपणात त्यांच्या नादी लागून वेळ जातो.

डोळे सरळ झाले म्हणजे ते मिळून बघायला लागले असं मात्र नाही. अमेरिकेतल्या सूझन बॅरी या मेंदूशास्त्रज्ञ बाईंच्या डोळ्यांवर लहानपणी तीन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. डोळे दिसायला सरळ झाले. कॉलेजात ह्यूबेल-वीझेल यांच्या प्रयोगांबद्दल ऐकताना त्यांना कळलं की आपल्याला खोली दिसतच नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नजरेचा सराव सुरू केल्यावर एके दिवशी गाडीत बसताना स्टीअरिंगचं चाक समोरच्या फळीपासून सुटून हवेत पुढे आल्यासारखं त्यांना दिसलं. डॉक्टर-लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी त्यांच्यावर २००६ मध्ये लिहिलं, पुढे बॅरींनी स्वतः पुस्तक लिहिलं. मोठ्यांचा मेंदू आपण समजत होतो तितका घट्ट झालेला नसतो, हे यातून कळलं. पण जे त्यांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर इतक्या कष्टाने मिळालं, ते बाळाला पहिल्या वर्षात काहीच न करता मिळत असतं.

म्हणून आपल्याकडची एक रीत मला फार खुपते. थोडा तिरळेपणा शुभ, लक्ष्मीची खूण, असं म्हणत मुलीचा डोळा लहानपणी तसाच ठेवायचा आणि लग्न जमवायची वेळ आली की ऑपरेशनला आणायचं. त्या वेळी डोळा सरळ करता येतो. समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलता येतं, नोकरीच्या मुलाखतीत मान खाली घालावी लागत नाही. हे छोटं सुख नाही आणि मोठेपणी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या कुणालाही 'नुसतं दिसण्यासाठी' म्हणून हिणवू नये. पण त्या डोळ्याची गेलेली नजर बहुधा परत येत नाही. तोपर्यंत वर्गात चकण्या, चकणी ही हाक मारून झालेली असते, चेंडू झेलताना सारखा सुटून झालेला असतो आणि दुसऱ्या डोळ्याला काही इजा झाली तर हाताशी उरतो तो कधी शिकवलाच न गेलेला डोळा.

हे टाळण्याची सोय गावापर्यंत आलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरहून झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा येतात, दृष्टीही तपासतात, आणि पुढच्या उपचारासाठी मुलाला जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात. पथक यायचं असेल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शंका असेल तर सेविकेला, आशाताईला आधीच सांगा, डोळा कधी आणि कुठल्या बाजूला वळतो तेही सांगा, कारण गर्दीत दोन मिनिटांत मधूनच सुटणारा डोळा पथकाला दिसेलच असं नाही.

उपचार सुरू झाले की ते मूल नऊ-दहा वर्षांचं होईपर्यंत तपासण्या चालू ठेवाव्या लागतात, कारण सुधारलेली नजर पट्टी थांबवल्यावर पुन्हा घसरू शकते. आणि त्या मुलाच्या पाठच्या भावंडाला वर्षाचं झाल्यावर आणि पुन्हा तीन वर्षांचं झाल्यावर औषध टाकून नंबर काढायला न्यायला विसरू नका, त्याचे डोळे अगदी सरळ दिसत असले तरीही. एका डोळ्याला मोठा नंबर असेल तर तो डोळा न वळतासुद्धा मागे पडत जातो आणि घरात ते कुणाच्याच लक्षात येत नाही.